पाचवा रकाना

माणूस जातो आणि मागे उरतो तो त्याच्या सद्गुणांचा सुगंध. हे वाक्य माझं आहे. चार संध्याकाळी बसून, तीनदा खोडून, शेवटी 'परिमळ' काढून 'सुगंध' घालून मी ते माझ्या भाषणाच्या डोक्यावर बसवलं होतं. आणि ते भाषण मी बसमध्ये विसरलो.

विसरलो हे कळलं ते डेपोच्या पायऱ्यांवर, तिसऱ्या पायरीला. डावा हात एकदम हलका वाटला. लिफ्ट खाली सुटताना पोट क्षणभर वरच्या मजल्यावरच राहतं, तसं. या भावनेतला मी जाणकार आहे असं म्हटलं तर फुशारकी होणार नाही, कारण गेली बत्तीस वर्षं मी शहरातल्या लिफ्टा तपासतो. सरकारी कागदावर मला उद्वाहन निरीक्षक म्हणतात. हा शब्द पहिल्या फटक्यात उच्चारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, त्यात मीही आलो. मी हाताकडे पाहिलं. हात होता, पिशवी नव्हती. मागे वळलो तर मी जिच्यातून उतरलो ती बस वळण घेऊन धुण्याच्या जागेकडे निघाली होती. मागच्या काचेतून एक रिकामी सीट दिसली आणि ती माझीच असणार असं मला उगाच वाटलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. पाच वाजता वरच्या मजल्यावरच्या कामगार हॉलमध्ये माझ्या बायकोची आठवण काढायची होती. तिला जाऊन वर्ष झालं. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपवाले, सगळे म्हणाले होते, तासभर बसू, चहा घेऊ, बोलू. मुख्य बोलायचं मी. मी आयुष्यात कागदाशिवाय बोललेलो नाही. लग्नाला मागणी घालायला गेलो तेव्हासुद्धा माझ्या खिशात चिठ्ठी होती, आणि मुद्दा क्रमांक दोनवर ती 'हो' म्हणून मोकळी झाल्यामुळे पुढचे चार मुद्दे कायमचे राहून गेले.

त्यात सकाळीच मुलीचा फोन येऊन गेला होता. ती हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. माणसाकडे बघताना तिची नजर आधी मोडलेल्या जागी जाते.

"बाबा, भाषण झालं लिहून?"

"झालं. तीन पानं."

"विशेषणं किती?"

मी मोजली. "अकरा."

तिने तो आकडा पुन्हा म्हणून बघितला. मग म्हणाली, "आई गेली तेव्हा तू पेपरात दिलं होतंस ते आठवतंय? प्रेमळ, सोशिक, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ. मला वाटलं दुसऱ्याच कुणाची तरी आई गेली. खरं सांगते, मी नाव पुन्हा बघितलं."

"पेपरात जागा कमी होती."

"आज जागा आहे. आज लिफ्टचा दाखला वाचू नकोस, प्लीज. वर्षभर जो भेटतो तो मला एका फार चांगल्या बाईबद्दल सांगतोय. मी अर्धी रजा टाकून येतेय ती आमची आई बघायला."

फोन ठेवल्यावर मी कागद काढून दोन विशेषणं कमी केली. मग एक परत घातलं. ते खरं होतं.

लिफ्टचा दाखला म्हणजे 'दोष आढळला नाही'. एवढं लिहायचं, खाली सही, तारीख, शिक्का. लोकांना वाटतं हे आळशाचं काम. ते लिहिण्याआधी मी दीड तास लिफ्टच्या अंधाऱ्या खोबणीत टॉर्च घेऊन लोंबकळलेलो असतो, दोरखंडाचा पदर न् पदर चाचपलेला असतो, हे कुणाला दिसत नाही. दोष सापडला की मी तो तिथल्या तिथे मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतो आणि मग आढळला नाही असं लिहितो. म्हणजे मी लिहितो ते खरंच असतं, फक्त उशिराचं खरं असतं. बायकोबद्दल लिहायला बसलो तेव्हाही मी तेच केलं असणार. माझ्या हाताला दुसरं वळणच नाही.

हरवलेल्या वस्तूंचा विभाग डेपोच्या तळमजल्यावर, चौकशीच्या खिडकीच्या मागे आहे. या खोलीचा वास मी तीस वर्षं ओळखतो. ओल्या छत्र्या, रबर, कुणाचा तरी अत्तर लावलेला मफलर, आणि या सगळ्याखाली जुन्या कागदाचा थंड वास. हाच वास संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या घरात यायचा आणि चप्पल काढायचा. लाकडी काउंटरवर उजव्या बाजूला एक उथळ खळगा पडलाय, चकचकीत. तिथे तिचं कोपर असायचं. एकतीस वर्षं एकाच जागी कोपर टेकवून लाकूड झिजवणारी बाई सोशिक होती असं मी लिहिलं होतं. खरं तर सोसलं ते लाकडाने. आता त्या खळग्यामागे धाकटी बसते. ती माझ्या बायकोच्या हाताखाली आली तेव्हा बावीसची होती, आता तिच्या चष्म्याला दुहेरी भिंगं आली, तरी सगळा डेपो तिला धाकटीच म्हणतो, कारण ताई एकच होत्या.

"या भाऊजी. वर जायचं सोडून इकडे कुठे?"

"पिशवी राहिली बसमध्ये. आत्ताच."

"अगं बाई! कसली?"

"तपकिरी, रेक्झिनची. चेन आहे."

"तपकिरी, रेक्झिन, चेन," ती रजिस्टरवरून बोट फिरवत म्हणाली. "अशा चौदा आहेत. आजच्याच तीन. खोड सांगा."

"कसली खोड?"

तिने चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही मला विचारताय?"

"अगं, तू मला ओळखतेस. पंधरा वर्षं माझ्या घरी जेवतेस."

"तुम्हाला ओळखते हो. पिशवीला कुठे ओळखते?"

हे वाक्य तिचं नव्हतं. मला ते इतकं अचानक ऐकू आलं की मी खळग्याकडे बघितलं, कोपर आहे का म्हणून.

रजिस्टरला पाच रकाने असतात. क्रमांक, वस्तू, वर्णन, कुठे सापडली, आणि पाचवा, छापील, 'विशेष खूण'. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्या बायकोच्या लक्षात आलं की खुणेचा काही उपयोग नाही. जो येतो तो म्हणतो, छत्री काळी, चांगली, नवीनच. सगळ्यांच्याच छत्र्या चांगल्या आणि नवीन. दुसऱ्याची छत्री लांबवायला आलेला तर जास्तच चांगली सांगतो. पण तिसरी काडी वाकडी आहे, मूठ उन्हात चिकट होते, बंद केली की एक चिमटा काढल्याशिवाय सोडत नाही, हे ज्याने चिमटा खाल्लाय तोच सांगतो. तिने 'विशेष खूण' वर रेघ मारून 'खोड' लिहिलं. मुख्य कार्यालयातून दरवर्षी नवी छापील रजिस्टरं यायची आणि दरवर्षी ती पहिल्या दिवशी पानापानावर बसून रेघा मारायची. वरून पत्र आलं, रकान्याचे शीर्षक परस्पर बदलू नये. तिने उत्तर पाठवलं, आपले पत्र मिळाले, आपल्या पत्राची खोड कळवावी. त्यानंतर पत्र आलं नाही. मी हे सगळं भाषणात 'कर्तव्यदक्ष' या एका शब्दात बसवलं होतं.

"आठवा ना," धाकटी म्हणाली, "कुठे फाटलीय, कुठे उसवलीय. चेन अडकते का?"

मी डोळे मिटले. नऊ वर्षं ती पिशवी माझ्या हातात होती. तिच्यातून मी टॉर्च नेला, पाने-पक्कड नेली, दाखल्यांची पॅडं नेली, दवाखान्यात तिचे कपडे नेले आणि परत आणले. मला ती पिशवी डोळ्यांपुढे लख्ख दिसत होती आणि तिच्यात काहीही दोष आढळत नव्हता.

"काही नाही," मी म्हटलं. "चांगली पिशवी आहे."

"मग नाही मिळायची," धाकटी म्हणाली आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं. तीस वर्षांपूर्वी याच काउंटरवर मी हेच बोललो होतो, आणि ती गोष्ट डेपोत नव्या कंडक्टरला पहिल्या आठवड्यात सांगतात.

तेव्हा छत्री होती. माझ्या दादाची. मी ती बसमध्ये विसरलो आणि दादाने मला घराबाहेर काढताना जी भाषा वापरली ती मी सोडून देतो. खिडकीमागे एक मुलगी होती, कानात एकच डूल, दुसरं टेबलावर, कारण ते तिला टोचत होतं. तिने खोड विचारली. मी सत्तावीस वर्षांचा होतो, खात्यात नवा होतो, माझ्या शब्दाला वजन आहे असं मला नुकतंच सांगण्यात आलं होतं. मी म्हटलं, दोष काहीही नाही. ती म्हणाली, मग ती तुमची नाही. मी म्हटलं, माझी नाहीच, दादाची आहे. ती म्हणाली, मग दादाला पाठवा. मी घरी येऊन दादाला विचारलं. तो म्हणाला, बटण दाबलं की उघडते आणि दहा पावलं गेलं की आपोआप डोक्यावर मिटते, गाढवा, तुला इतकंही माहीत नाही? दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी गेलो आणि सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि सांगितलं नाही. मी म्हटलं, अजून आठवत नाहीये. सांगितलं असतं तर छत्री मिळाली असती आणि चौथ्या दिवशी मला तिथे जायला काही कारणच उरलं नसतं. नवव्या खेपेला तिने रजिस्टर मिटलं आणि म्हणाली, "छत्री राहू द्या. तुमची स्वतःची खोड काय?" मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हटलं, "मला काही खोड नाही." ती म्हणाली, "ही नोंद करून ठेवण्यासारखी आहे." दादा अजूनही, तीस वर्षं, दर भेटीत न चुकता म्हणतो, छत्री आणायला पाठवला तर बायको घेऊन आला, माझ्या छत्रीचं काय? छत्री त्याला मिळाली नाही. मालकाने स्वतः यायचं हा नियम होता आणि दीराला सवलत द्यायला ती तयार नव्हती. दादा हट्टाने गेला नाही. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम होतं.

मी काउंटरपाशीच्या बाकावर बसलो. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून पाच मिनिटं दाखवत होतं, म्हणजे सव्वाचार झाले होते. हे घड्याळ दहा मिनिटं मागे असतं. माझ्या बायकोने ते तसं ठेवलंय. ती रोज दहा मिनिटं उशिरा यायची आणि या घड्याळाप्रमाणे रोज वेळेवर असायची. मागच्या फळीवर पुस्तकांची रांग होती, बसमध्ये राहिलेली. प्रत्येकात कुठे ना कुठे खूण, तिकीट, केसांची पिन, दुमडलेला कोपरा. ती ही पुस्तकं वाचायची, पण खुणेपर्यंतच. पुढचं त्यांचं आहे, म्हणायची, त्यांच्या आधी मी कसं वाचू? अशी शेकडो अर्धी पुस्तकं तिच्या डोक्यात होती आणि मुलगी लहान असताना ती रोज त्यातलं एक सांगायची. शेवट स्वतःच्या मनाने लावायची. त्या शेवटांत सगळी माणसं परत यायची, बुडालेली जहाजं वर यायची, आणि खलनायकाला हमखास सर्दी व्हायची. मुलगी कॉलेजात गेल्यावर एका प्रख्यात शोकांतिकेच्या पेपरात तिने लिहिलं की नायिका शेवटी बेकरी काढते. शून्य मार्क मिळाले. घरी येऊन आईशी भांडली. आई शांतपणे म्हणाली, "पुस्तकात काय झालं ते मला माहीत नाही बाई. माझ्यात बेकरीच निघाली."

हे मला बाकावर बसल्या बसल्या आठवत होतं आणि मी एकटाच हसत होतो. समोरून एक बाई हरवलेला मोजा शोधायला आली. तिने लगेच खोड सांगितली, अंगठ्याला भोक, आणि मोजा घेऊन गेली. मला तिचा हेवा वाटला.

"चहा घेता?" धाकटीने विचारलं.

"नको. ती टोपी आठवली."

"कुठली? टोपी उचलली, मुलगी विसरली, ती?" असं म्हणून ती उठली, मागच्या कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. शोधावं लागलंच नाही. ते त्याच पानावर उघडतं.

मुलगी चार वर्षांची होती. शनिवारी माझी बायको तिला डेपोत घेऊन यायची. त्या दिवशी बसमधून उतरताना बायकोला पुढच्या सीटवर कुणाची तरी टोपी दिसली. कामावर पोचण्याआधीच काम मिळाल्याच्या आनंदात तिने टोपी उचलली, खाली उतरली, आत येऊन टोपीची नोंद केली, तिची खोड शोधून लिहिली, आणि टोपी फळीवर ठेवून वळली तेव्हा कंडक्टर आमच्या मुलीला कडेवर घेऊन उभा होता. बस धुवायला नेताना ती मागच्या सीटवर सापडली होती, खिडकीवर बोटाने चित्र काढत. त्याने तिला काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, एक वस्तू आहे. पावती द्या." ती पांढरीफटक झाली. तिने मुलीला इतकं घट्ट धरलं की मुलगीच म्हणाली, आई, मी फाटेन. आणि मग, हे फक्त तीच करू शकत होती, ती डोळे पुसत बसली आणि तिने नोंद केली. नोंद झाल्यावर पुढचा नियम आला. विभागातल्या कर्मचाऱ्याला वस्तू स्वतः सोडवून नेता येत नाही. तिने मला फोन लावला. मी सातव्या मजल्याच्या खोबणीत होतो. वॉचमन वरून ओरडला, "साहेब, तुमची मुलगी जमा झालीय!"

धावत आलो. मुलगी काउंटरवर बसून बिस्कीट खात होती आणि पाय हलवत होती. खिडकीबाहेर पाच-सहा ड्रायव्हर गंमत बघत उभे.

"वर्णन?" बायकोने विचारलं. नाक लाल होतं, पेन हातात होतं.

"अगं, काय चाललंय काय?"

"अहो, वर्णन सांगा."

"मुलगी. वय चार. लाल स्वेटर."

"एवढं कुणीही सांगेल. खोड?"

मी मुलीकडे बघितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती, बिस्कीट तोंडाशी धरून, निकालाची वाट बघत. माझ्या तोंडून निघालं, "खोड काही नाही. चांगली मुलगी आहे."

"मग नाही मिळायची," माझी बायको म्हणाली.

"का?" मुलगी म्हणाली.

"हीच!" मी ओरडलो. "का विचारते! कशालाही का विचारते! रात्री झोप म्हटलं तरी का विचारते, उठ म्हटलं तरी का विचारते, ही माझीच!" ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी लेखी दिलेला तो पहिला दोष. पाचव्या रकान्यात तिच्या अक्षरात आहे, 'प्रत्येक उत्तरावर का विचारते. बापावर गेलेली नाही.' खाली माझी सही. नंतर कितीतरी दिवस ती बसमधून उतरताना आधी मुलीला खाली उतरवायची, मग मला, मग मागे वळून सगळ्या सीटा बघायची.

"बाबा, तू इथे काय करतोयस?"

मुलगी दारात उभी होती. दवाखान्यातून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच.

"भाषण हरवलं," मी म्हटलं.

"सगळं?"

"तिन्ही पानं."

तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला सभ्य भाषेत आनंदच म्हणावं लागेल. तिने धाकटीकडे बघितलं. "मावशी, सापडलं तरी सहापर्यंत देऊ नका हं."

"मी कुठे देतेय? यांना खोडच सांगता येईना."

"का?" मुलगी म्हणाली, आणि आम्ही दोघं हसायला लागलो तर तिला कळेना काय झालं.

वर हॉलमध्ये सत्तरेक माणसं होती. डेपोच्या मुख्य साहेबांनी दोन मिनिटं बोलून मला पुढे केलं. टेबलावर तिचा फोटो होता, त्यात तिचे डोळे मिटलेले आहेत. तिच्या सगळ्याच फोटोंत डोळे मिटलेले आहेत. मी उभा राहिलो. खिशाकडे हात गेला, खिशात काही नव्हतं. "माणूस जातो," मी सुरुवात केली, "आणि मागे उरतो तो त्याच्या..." पहिल्या रांगेत मुलीने मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मला ते दिसलं. मी थांबलो. फार वेळ थांबलो असणार, कारण कुणीतरी खुर्ची सरकवली.

"ती घोरायची," मी म्हटलं.

साहेबांनी बुटांकडे बघितलं. मुलीने मान परत फिरवली.

"जोरात घोरायची. दवाखान्यात नर्सने फॉर्म भरायला घेतला, ओळखीची खूण, हनुवटीवर तीळ. ही पडल्या पडल्या म्हणाली, अहो तिळाने कोण ओळखणार, तीळ रस्त्याने चालतात कितीतरी. घोरते म्हणून लिहा, रात्री दाराबाहेरून पटेल. आणि नर्सने लिहिलं. आणि रात्री पटलं." मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग हसू रांगेरांगेने पुढे आलं. मला कळेना की मी काय करतोय, पण थांबवता येईना. लिफ्टचा ब्रेक सुटतो तेव्हा ती खाली पडेल असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा ती वर जाते, कारण पलीकडचं वजन जास्त असतं. मी सांगितलं की तिने मला सांगितलेला एकही विनोद मला शेवटपर्यंत माहीत नाही, कारण शेवटाच्या आधीच ती हसायला लागायची आणि मग आपणही हसायचो आणि विनोद तिथेच राहायचा.

"तो पोपटाचा!" मागून म्हातारा मिस्त्री ओरडला. "वीस वर्षं ऐकला! पोपट शेवटी काय म्हणाला हो?"

"मला नाही माहीत."

"कुणालाच नाही का माहीत?" त्याने हॉलभर बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं.

"घड्याळ सांगा, घड्याळ!" एक कंडक्टर उठून म्हणाला. "माझी बस सुटली होती ताईंच्या घड्याळामुळे. मीच कंडक्टर, आणि माझीच बस सुटली!"

मी घड्याळ सांगितलं. बेकरी सांगितली, आणि मुलगी खुर्चीतून ओरडली, "शून्य मार्क!" मी सांगितलं की मी पिशवी विसरू नये म्हणून तिने घरात मुद्दाम खिळा ठोकला, तो दाराच्या मागे. दार उघडलं की खिळा झाकला जातो, आणि दार उघडल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. हे मी तिला दोनदा आकृती काढून दाखवलं, तर म्हणाली, खिळ्यात दोष नाही, दारात आहे. मी सांगितलं की ती शिवायची ते सुईत असेल त्या दोऱ्याने. दोरा बदलणं तिला माणसाचा अपमान केल्यासारखं वाटायचं. माझ्या पांढऱ्या शर्टाला पिवळ्या दोऱ्याचं बटण, मुलीच्या शाळेच्या निळ्या स्कर्टला हिरवी दुमड. एका बिल्डरने माझं बटण बघितलं आणि तपासणीची भीतीच सोडून दिली. "आणि माझ्या पिशवीचा पट्टा," मी म्हटलं, आणि बोलता बोलता मला तो दिसला. खिडकीजवळ उजेडात बसलेली ती, तोंडात सुई, गुडघ्यावर पिशवी, दोरा ओढताना जराशी पुढे आलेली जीभ. "तपकिरी पट्टा, तो लाल दोऱ्याने शिवलाय. लालभडक. लांबून दिसतो. नऊ वर्षं तो माझ्या हातात आहे आणि मी तो बघितलाच नव्हता."

मला वाटतं मी तिथेच थांबलो. समारोप केला नाही, आभार मानले नाहीत. जागेवर परत आलो तर मुलगी रुमाल शोधत होती, हसून हसून की कसं ते विचारण्याची गरज नव्हती. तिने माझा हात धरून काउंटरवरून सोडवून न्यावं तसं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "हीच. हीच आमची." मग तिने नाक शिंकरलं आणि विचारलं, "बेकरीत काय काय मिळायचं ते विसरलास का सांगायला?" मी खरंच विसरलो होतो. चहा घेता घेता लोक येत होते आणि मला तिची एकेक खोड आणून देत होते, कंडक्टर बसमधल्या वस्तू जमा करतात तशी. साहेबांनीसुद्धा एक आणली, हळू आवाजात. ती मी इथे लिहीत नाही, कारण ती रकान्याच्या त्या पत्राबद्दल होती, आणि ते पत्र तेव्हा त्यांनीच लिहिलं होतं.

सहा वाजता आम्ही तळमजल्यावर आलो. धाकटी आमच्या आधीच पोचून खळग्यात कोपर टेकवून बसली होती. "हं भाऊजी. खोड?"

"पट्ट्याला लाल दोरा."

"झालं की!" तिने टाळी वाजवली, रजिस्टर ओढलं, आणि आत जाऊन चौदाच्या चौदा तपकिरी पिशव्या काउंटरवर आणून मांडल्या. आम्ही तिघांनी पट्टे तपासले. एकीची चेन तुटकी होती, एकीत कुणाची तरी कवळी होती, एकीला खालून शाई लागली होती. लाल दोरा नव्हता. मुलीने पिशव्या उलट्या करून बघितल्या. धाकटीने दुसऱ्यांदा बघितलं, मग चष्मा काढून तिसऱ्यांदा.

"नाही हो भाऊजी. यांतली एकही तुमची नाही."

"धुण्याच्या जागी विचार."

तिने फोन केला. कंडक्टर म्हणाला, त्या बसमध्ये आज काहीच सापडलं नाही.

आम्ही दोघं सातच्या बसने घरी आलो. उतरताना मुलीने मागे वळून सगळ्या सीटा बघितल्या. मी कुलूप काढलं, आत जाऊन दिवा लावला आणि दार लोटलं. पिशवी दाराच्या मागे खिळ्याला होती.